डबा आणण्याआधी लंगोट मोजा

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही बाळंतिणींच्या वॉर्डात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारं हे चित्र. सिस्टर बाळाला काट्यावर ठेवतात. जन्मताना ३००० ग्रॅम भरलेलं बाळ आज २७६० वर आलेलं असतं. आजी लगेच म्हणते, "दूध पुरणा नाय, डबो हाडा." म्हणजे दूध पुरत नाही, पावडरच्या दुधाचा डबा आणा. पहिलटकरणीचा चेहरा पडतो. आपलंच काही चुकलं, असं तिला कुणी न सांगताच वाटू लागतं.

मला त्या आईसाठी हे लिहायचं आहे.

नवजात बाळाच्या अंगात सुमारे ७५ टक्के पाणीच असतं. जन्मानंतर ते त्यातलं जादा पाणी लघवीवाटे टाकतं, काळी शीही बाहेर पडते, आणि चीक सुरुवातीला चमचा-चमचाच मिळतो. त्यामुळे ५ ते ७ टक्के वजन उतरणं स्वाभाविक आहे. साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं.

आता सलाईनमुळे ही घट जास्त कशी दिसते, ते बघू. कळा लांबल्या, कमरेतून भूल द्यायची किंवा सिझर करायचं ठरलं, की बाटल्या चढतात. बऱ्याचदा घरचेच सांगतात, "सलाईन लावा, तिला ताकद येईल." शिरेतून गेलेलं पाणी आईच्या रक्तात मिसळतं आणि त्यातलं काही वारेतून बाळाकडे पोचतं. कळा वाढवायला दिलेलं ऑक्सिटोसिन आईच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं, म्हणजे त्यात भरच. असं बाळ पाण्यानं थोडं जड होऊनच जन्मतं आणि पहिल्या चोवीस तासांत भरपूर शू करून हलकं होतं.

कॅनडात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळांचे लंगोटही तोलले होते. ज्या आयांना १२०० मिलिलिटरपर्यंत द्रव मिळाला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ५.५ टक्के उतरलं. त्याहून जास्त मिळालेल्यांच्या बाळांचं ६.९ टक्के. फरक फार मोठा नाही, पण 'वरचं दूध द्यायचं का' हा निर्णय कित्येकदा अशा एक-दोन टक्क्यांवरच अडतो. म्हणून त्या संशोधकांनी सुचवलं की जन्मवजनाऐवजी चोवीस तासांचं वजन पाया धरावं. आपल्या बाळाचंच गणित करा. ३००० वरून २७६० म्हणजे ८ टक्के घट. पण चोवीस तासांनी ते २८८० असेल, तर त्यानंतरची घट जेमतेम ४ टक्के.

सलाईन वाईट, असं मी म्हणत नाही. रक्तस्राव झाला किंवा सिझर असलं तर तीच जीव वाचवते. पण कळा लवकर आटपाव्यात म्हणून ती लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. धोका नसलेल्या बाईला कळांमध्येही खाता-पिता येतं. डॉक्टरांना विचारून पेज द्या, शहाळं द्या.

आणि लंगोट मोजा. दुसऱ्या दिवशी निदान दोन ओले, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा. काळी शी हळूहळू पिवळी व्हायला हवी. बाळ सुस्त पडलं, चोखायला उठेना, लघवी थांबली, अंग पिवळं दिसू लागलं किंवा घट १० टक्क्यांच्या घरात गेली, तर सलाईनचं कारण सांगत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर ते औषधासारखंच समजून द्या.

चोवीस तासांचं वजन मात्र सिस्टरांकडून कार्डावर जन्मवजनाशेजारी लिहून घ्या. सातव्या दिवशी आशाताई काटा घेऊन घरी येतील, तेव्हा तो आकडा त्यांना दाखवा.