चार लिप्या, सहा ठिपके : सोलापुरातील सुगम वाचनाची पार्श्वभूमी

वाचनालयांत दिव्यांग वाचकांची सोय व्हावी, हा विषय सोलापुरात निघाला की बोलणे बहुधा दोन गोष्टींपाशी येऊन थांबते : दारातला रॅम्प आणि ब्रेल पुस्तकांचे एखादे कपाट. दोन्ही गोष्टी हव्याच आहेत. तथापि ज्याला पुस्तकाची ओढ आहे अशा दिव्यांग माणसाला पुस्तक मिळण्यात आजवर कोणकोणते अडथळे आले आणि ते कोणत्या क्रमाने दूर होत गेले, हे ठाऊक नसेल, तर कपाट आणून ठेवल्यावरही वाचक का फिरकत नाहीत याचा उलगडा होत नाही.

छापील पुस्तक घरोघर पोहोचण्यापूर्वी आपल्याकडचे बरेचसे वाचन कानांनीच होत असे. पंढरपूर आणि मंगळवेढा ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे हे वेगळे सांगायला नको. चातुर्मासात देवळात पोथी लागे, एकजण वाची आणि भोवतालची मंडळी ऐकत. ओवीचा अर्थ सांगितला जाई, शंका विचारल्या जात. अशा बैठकीत न दिसणारा माणूस इतर श्रोत्यांसारखाच एक श्रोता असे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही, कारण पोथीला हात कोणी लावायचा आणि कोणी दूर बसायचे हे जातीने आणि स्त्री-पुरुषभेदाने ठरलेले होते. शिवाय कोणता ग्रंथ, कधी आणि किती वेगाने ऐकायचा यातले काहीच श्रोत्याच्या हाती नसे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेली असताना दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि तोंडी सांगून शंभराहून अधिक ग्रंथरचना केली, याचे दाखले नेहमी दिले जातात. पण त्यांच्याभोवती वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे शिष्य होते, ही बाब त्या दाखल्यांत सहसा मागे पडते. तसे शिष्य सर्वांच्या वाट्याला येत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर बदलले. १८५२ मध्ये नगरपालिका आली, १८७७ मध्ये पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी सुरू झाली, कामासाठी माणसे आली आणि त्यांच्याबरोबर भाषाही आल्या. वृत्तपत्रे आणि वाचनालये यांची सवय शहराला लागली. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी संस्था येथे मोठी झाली आणि १९४१ चे मराठी साहित्य संमेलन वि. स. खांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. पण वाचनालयातले वाचन हे ज्याचे त्याने, मुकाट्याने, डोळ्यांनी करावयाचे वाचन होते. पोथीच्या बैठकीत ज्याला निदान एक जागा होती, त्या अंध माणसाला वाचनालयाच्या टेबलापाशी काहीच काम उरले नाही. खुद्द खांडेकरांची दृष्टी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत गेली आणि त्यांनी पुढचे लेखन तोंडी सांगून करून घेतले. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाला लेखनिक मिळतो, सामान्य वाचकाला मिळत नाही.

फ्रान्समध्ये लुई ब्रेल याने सहा ठिपक्यांची लिपी १८२४ च्या सुमारास सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. भारतात अंधांसाठीची पहिली शाळा अमृतसर येथे १८८७ मध्ये मिशनरी ॲनी शार्प यांनी काढली, आणि मुंबईत अमेरिकन मिशनने तसे काम १९०० च्या सुमारास सुरू केले. अडचण अशी झाली की प्रत्येक प्रांताने, काही ठिकाणी तर प्रत्येक संस्थेने, आपापली ठिपक्यांची योजना बसवली. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतात छापलेले पुस्तक बोटाखाली घेऊनही वाचता येत नसे. हा गोंधळ स्वातंत्र्यानंतर, युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयातून आणि १९५१ मध्ये बैरुत येथे भरलेल्या परिषदेनंतर मिटला, आणि सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत ठरली. त्याच वर्षी डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल छापखाना उभा राहिला.

सोलापूरच्या दृष्टीने भारती ब्रेलची रचना थोडी बारकाईने पाहण्याजोगी आहे. या पद्धतीत अक्षराच्या आकाराला महत्त्व नाही, उच्चाराला आहे. मराठीत, कन्नडात, तेलुगूत वा उर्दूत ‘क’ हा ध्वनी आला की ठिपके तेच, पहिला आणि तिसरा. मात्रा व्यंजनाच्या डोक्यावर किंवा पायाशी जात नाही; ती व्यंजनानंतर स्वराच्या रूपाने स्वतंत्र घरात, म्हणजे सहा ठिपक्यांच्या स्वतंत्र चौकटीत, बसते. त्यामुळे ‘सोलापूर’ हा शब्द स, ओ, ल, आ, प, ऊ, र असा सात घरांत लिहिला जातो, आणि ‘कि’ लिहिताना छपाईत आधी येणारी वेलांटी ब्रेलमध्ये बोलण्याच्या क्रमाने ‘क’नंतरच येते. जोडाक्षरात हलन्ताची खूण मात्र व्यंजनाच्या आधी द्यावी लागते, आणि नव्याने शिकणारा तिथे हमखास अडखळतो. कन्नड-तेलुगूतील ऱ्हस्व ए आणि ओ यांसाठी निराळी चिन्हे आहेत, आणि छपाईत उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू ब्रेलमध्ये डावीकडून उजवीकडे वाचली जाते. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू पाटी, अक्कलकोटच्या बाजूची कन्नड पाटी आणि बाजारातली उर्दू पाटी देवनागरीपुरते वाचणाऱ्या डोळस सोलापूरकराला वाचता येत नाहीत. मात्र मराठी ब्रेल येणारी आणि घरी तेलुगू बोलणारी मुलगी थोड्याशा सरावाने तेलुगू ब्रेलही वाचू शकते. चार लिप्यांच्या या शहराला इतकी सोयीची दुसरी लिपी नाही, आणि वाचनालयाच्या ब्रेल कपाटात फक्त मराठी पुस्तके ठेवणे हे म्हणूनच मला अपुरे वाटते.

ब्रेलची खरी अडचण कागदात आहे. ठिपके उठावेत म्हणून कागद जाड लागतो, पानावर मजकूर थोडा मावतो आणि हातात मावणाऱ्या कादंबरीचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात. ते एकावर एक रचले तर वजनाने ठिपके दबतात, म्हणून उभेच ठेवावे लागतात. टपाल खात्याने अंधांसाठीच्या साहित्याला साध्या टपालाने ७ किलोपर्यंत शुल्कमाफी ठेवली आहे, आणि मुंबई-पुण्याहून वा डेहराडूनहून पुस्तक मागवणाऱ्या वाचकाला या सवलतीचा मोठाच आधार होता. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असे : छापील पुस्तकाचा मजकूर पक्का झाल्याशिवाय ब्रेल प्रतीचे काम सुरू होत नाही, त्यामुळे अभ्यासक्रम बदलला की अंध विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक उशिराच पडते.

मधल्या काळात कॅसेट आली आणि ‘बोलकी पुस्तके’ रूढ झाली. कुणीतरी घरी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचे, ते टेपवर घ्यायचे आणि त्याच्या प्रती काढायच्या, अशी ती सरळ पद्धत होती. महाविद्यालयात शिकणाऱ्या कित्येक अंध विद्यार्थ्यांनी मित्रांनी, बहिणींनी, शेजारच्या काकूंनी वाचून दिलेल्या कॅसेटींवर पदवी घेतली. टेपवर एखादे प्रकरण वा पान नेमके सापडत नसे. पुढे-मागे फिरवत बसावे लागे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी संघाने ध्वनिपुस्तकाला प्रकरण, पान आणि परिच्छेद यांच्या खुणा देणारा आराखडा रूढ केला, आणि श्रोत्याला पुस्तक चाळता येऊ लागले.

या सगळ्या कामावर एक कायदेशीर सावट होते, आणि त्याची वाच्यता फारशी होत नसे. प्रकाशकाच्या परवानगीविना पुस्तकाची अशी रूपांतरित प्रत काढणे आणि वाटणे हे स्वामित्वहक्काच्या कायद्यात अडकू शकत होते. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये सवलत आली : दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात कोणीही प्रत तयार करू शकतो, आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था नफा न घेता ती त्यांना पुरवू शकतात. पुढच्याच वर्षी, २७ जून २०१३ रोजी, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना पुस्तके मिळावीत म्हणून केलेला मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला, आणि घरचा कायदा आधीच बदललेला असल्याने २४ जून २०१४ रोजी त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अंमलात आला आणि देशोदेशींच्या संस्थांना अशा प्रती एकमेकांना पाठवणे शक्य झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच, कारण तोवर वाचकाची गरज दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून होती.

मराठीपुरता मात्र एक अडथळा राहिला होता, आणि तो फॉन्टचा होता. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आल्यापासून गावोगावच्या छापखान्यांत मजकूर ज्या जुन्या फॉन्टांत जुळवला जाई, त्यांत पडद्यावर मराठी अक्षर दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर वा एखादे चिन्हच असे. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर या आज्ञावलीला अशी फाइल दिली की ‘सोलापूर’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे ऐकू येत. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेतांक देणारी युनिकोड पद्धत रूढ झाल्यावर आणि २००६ पासून एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर उपलब्ध झाल्यावर मराठी मजकूर संगणकाकडून मराठीत ऐकता येऊ लागला. जुन्या फॉन्टांतल्या फायली रूपांतरित कराव्या लागतात, आणि त्याआधीची पुस्तके स्कॅन करून, अक्षरओळखीतल्या चुका माणसाने बसून दुरुस्त केल्याशिवाय ऐकण्याजोगी होत नाहीत. मराठी वाचनावर प्रेम असणाऱ्या डोळस माणसाला हातभार लावायचा असेल, तर या मुद्रितशोधनाइतके उपयोगी काम क्वचितच असेल.

इथवर दृष्टिबाधित वाचकांविषयीच अधिक लिहिले, कारण या चळवळीचा इतिहास त्यांनीच घडवला आहे. दिव्यांगांविषयीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आणली. ज्या मुलाला अक्षरे दिसतात पण त्यांची संगती लागत नाही, त्याला बोलके पुस्तक तितकेच उपयोगी पडते. खुणांच्या भाषेत वाढलेल्या कर्णबधिर वाचकाला छापील मराठी ही दुसरी भाषाच असते. उच्च शिक्षणात याच कायद्याने ५ टक्के जागा राखीव ठेवल्या असल्याने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये यांच्यापुढे क्रमिक पुस्तकांपलीकडच्या संदर्भग्रंथांचा प्रश्नही आहे.

राहिली इमारत. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला ब्रेल नको असते, त्याला पायऱ्यांना पर्याय हवा असतो, आणि अनेक जुन्या वाचनालयांचा अभ्यासकक्ष वरच्या मजल्यावर असतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळण्याची वाट करून दिली, आणि आजही ही वाचनालये त्याच चौकटीत चालतात. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४५ ने आधीच्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्यास सांगितले होते. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी खटल्यात सुगमतेविषयीचा नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याने बंधनकारक केलेल्या गोष्टी तो नुसत्या मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणत होता. आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्र सरकारला सांगितले.