पाव्हण्याचा पाव्हणा, आणि स्वतःचाच पाव्हणा

‘रिकर्जन : पहा, रिकर्जन.’ प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेलं प्रत्येक पोरगं हा विनोद आपणच शोधल्यासारखा सांगतं. विनोद म्हणून सांगा, भावा. उदाहरण म्हणून वहीत उतरवलात की माझं डोकं फिरतं. यात रिकर्जन, म्हणजे एखादी गोष्ट तिच्यासारख्याच पण लहान गोष्टीवरून सांगणं, नावालाही नाही. आहे तो नुसता स्वतःचा उल्लेख.

स्वतःविषयी बोलणारी वाक्यं तुम्हाला ठाऊकच आहेत. ‘हे वाक्य खोटं आहे’ : खरं धरलं तर खोटं, खोटं धरलं तर खरं. पण स्वतःविषयी बोललं की दर वेळी असा घोळ होतोच असं नाही. ‘या वाक्यात पाच शब्द आहेत.’ मोजा, बरोबर आहे. ‘या वाक्यात पाच शब्द मुळीच नाहीत.’ हेही मोजा. हेही बरोबर! एक हो म्हणतंय, दुसरं नाही, आणि दोन्ही खरी, कारण प्रत्येक वाक्य आपलेच शब्द मोजतंय.

आता रिकर्जन. ते शिकवायला कोल्हापुरात फळा लागत नाही. पाव्हणा कोण? ज्याच्या घराशी आपली थेट सोयरीक झाली तो. किंवा पाव्हण्याचा सोयरा. झाली व्याख्या. महाद्वार रोडवर भेटलेला गडहिंग्लजचा माणूस पाव्हणा कसा? तो निपाणीवाल्यांचा सोयरा, निपाणीवाले कागलकरांचे, आणि कागलकरांकडं आमची आत्या दिलेली. संपलं. ‘पाव्हणा’ शब्द व्याख्येत परत आला खरा, पण त्याच माणसासाठी नव्हे. एक पायरी अलीकडच्या माणसासाठी. स्वतःचा उल्लेख वळून त्याच गोष्टीवर येतो. रिकर्जन तशाच, पण लहान गोष्टीवर जातं, आणि कुठंतरी आत्यापाशी टेकतं. सगळी मेख इथं आहे.

गणितात हेच. ५! म्हणजे ५ पासून १ पर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार. ५! = ५ × ४!, मग ४ × ३!, असं उतरत ०! पर्यंत. ०! = १ हे आधीच सांगून ठेवलेलं असतं, म्हणून उत्तर १२० येतं. ते सांगितलं नसतं तर शून्याच्याही खाली घसरत राहिलो असतो. समोरासमोरच्या आरशांचं चित्र लावून रिकर्जन समजावणाऱ्यांनी आधी सांगावं, त्यात आत्या कुठाय?

‘पहा, रिकर्जन’मध्ये लहान होणारं काही नाही आणि आत्याही नाही. सांगायचाच असेल तर विनोद असा सांगा : ‘रिकर्जन : कळलं असेल तर पान उलटा, नसेल तर हीच नोंद पुन्हा वाचा.’ दर फेरीला वाचणाऱ्याचं अज्ञान थोडं तरी घटतं, असं धरून.

दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांचा १९३१ चा निबंध. त्यांनी विधानांना आणि सिद्धतांना आकडे दिले. ‘हा आकडा त्या विधानाची सिद्धता आहे का?’ ही तपासणी रिकर्जननं बांधली, म्हणजे हमखास थांबणारी. मग वेगळ्याच युक्तीनं एक विधान रचलं, जे स्वतःविषयीच म्हणतं, ‘मी इथल्या, म्हणजे याच गणिताच्या, नियमांनी सिद्ध होत नाही.’ ‘खोटं आहे’ म्हणालं असतं तर घोळ झाला असता. ‘सिद्ध होत नाही’ म्हणालं, म्हणून त्यातून गोडेल यांचं प्रमेय निघालं. एकाच निबंधात दोन्ही वापरूनही त्यांची गल्लत झाली नाही. होते ती आपल्या वह्यांत.