चिमासाहेब भोसले (कोल्हापूर)

चिमासाहेब भोसले (१८३१–१८६९) : कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातील राजपुत्र आणि १८५७ च्या कोल्हापुरातील उठावाचे मुख्य प्रेरक. छत्रपती शहाजी ऊर्फ बुवासाहेब यांचे हे पुत्र. गादीवर असलेले बाबासाहेब महाराज (चौथे शिवाजी) हे त्यांचे थोरले बंधू.

दोघे भाऊ वाढले ते नावापुरत्या उरलेल्या राज्यात. १८३८ मध्ये बुवासाहेब वारले तेव्हा मुले अज्ञान होती. पुढे कंपनी सरकारने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. त्यांच्या कारभारात गड राखणाऱ्या गडकऱ्यांची वंशपरंपरागत वतने धोक्यात आली आणि १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा हे गड बंड करून उठले. इंग्रजांनी बंड मोडले, गडांचे तट पाडले आणि संस्थानची सूत्रे आपल्या हाती घेतली. शेजारचे साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशीने दक्षिण महाराष्ट्रातला वतनदार आधीच हवालदिल होता. कोल्हापूरच्या उठावाकडे नुसते शिपायांचे बंड म्हणून पाहिले, तर ही तेरा वर्षांची धग नजरेआड होते.

३१ जुलै १८५७ च्या रात्री, भर पावसात, कोल्हापूरच्या छावणीतील २७ वी देशी पायदळ पलटण उठली. नेतृत्व रामजी शिरसाट यांचे होते. शिपायांनी खजिना लुटला, पण शहराचे दरवाजे त्यांना उघडले गेले नाहीत. बरेच जण कोकण आणि गोव्याच्या वाटेला लागले; उरलेल्यांनी शहरालगतच्या एका बंदिस्त जागेत ठाण मांडले. साताऱ्याहून दौडत आलेल्या सदर्न मराठा हॉर्स या इंग्रजांच्या घोडदळाच्या स्वारांनी लेफ्टनंट केर याच्या हाताखाली पायउतार होऊन दरवाजा फोडला आणि ही जागा घेतली. केरच्या बरोबरीने दरवाजा फोडणाऱ्यांत गणपतराव देवकर होते. केरला व्हिक्टोरिया क्रॉस हा इंग्रजांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. आत लढणारे आणि बाहेरून दरवाजा फोडणारे बहुतेक एकाच मुलखातले होते, ही या चकमकीतली सर्वांत सलणारी गोष्ट.

ऑगस्टमध्येच कर्नल जेकब हा इंग्रज अधिकारी कोल्हापुरात आला. त्याने पलटणीची हत्यारे काढून घेतली आणि अनेकांना देहदंड दिला. वरवर शांतता झाली, तरी राजवाड्याभोवती खलबते चालूच होती. ६ डिसेंबरच्या पहाटे शहरातील लोकांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले आणि तटावर मोर्चे धरले. हा उठाव शहराचा होता. म्हणून जुलैच्या बंडापेक्षा त्याचे मोल मला अधिक वाटते. जेकबने तोफा लावून दरवाजा फोडला. काही तासांत प्रतिकार संपला आणि पकडलेल्यांना झटपट लष्करी न्यायालयापुढे उभे करून ठार मारण्यात आले.

इंग्रजांच्या संशयाचा रोख सुरुवातीपासून चिमासाहेबांवर होता. बाबासाहेब महाराज सरकारशी जुळवून घेत राहिले, पण धाकट्या बंधूंचे बंडवाल्यांशी संधान आहे आणि डिसेंबरच्या उठावामागे त्यांचाच हात आहे, असे जेकबचे मत झाले. चिमासाहेबांच्या हालचालींविषयी जे कळते ते मुख्यतः अशा शत्रूपक्षाच्या लेखनातून. पडद्याआड केलेल्या मसलतीचे कागद मागे ठेवणे त्यांना परवडणारेही नव्हते. त्यांच्या सहभागाचे मोजमाप सरकारच्या कृतीवरूनच करावे लागते. गादीवरच्या राजाच्या सख्ख्या भावाला १८५८ मध्ये मुलखाबाहेर, थेट कराचीला, राजबंदी म्हणून हलवण्यात आले. त्याच वर्षी इंग्रजांविरुद्ध उठलेले नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना बेळगावला फाशी झाली.

इंग्रजांशी एकनिष्ठ राहिल्याबद्दल बाबासाहेब महाराजांना १८६२ मध्ये दत्तकाचा अधिकार मिळाला. १८६६ मध्ये ते निपुत्रिक वारले, तेव्हा गादी गेली ती त्यांनी दत्तक घेतलेल्या भाच्याकडे, म्हणजे दुसऱ्या राजाराम महाराजांकडे. चिमासाहेब तेव्हा हयात होते आणि अजून कराचीच्या कैदेत होते. तेथेच १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले. कोल्हापुरातील एका चौकाला त्यांचे नाव आहे.