प्रकाश-बाष्पीभवन (आदिग्रह तबकडीचे)

नवजात ताऱ्याभोवती फिरणाऱ्या तबकडीतील वायू प्रारणाने तापून अवकाशात निसटून जाण्याच्या प्रक्रियेस प्रकाश-बाष्पीभवन म्हणतात. ग्रह याच तबकडीत घडतात, म्हणून ती आदिग्रह तबकडी. तिच्या वस्तुमानाचा सुमारे ९९ टक्के भाग वायूचा, मुख्यतः हायड्रोजनचा. धूळ जेमतेम एक टक्का. निम्म्याअधिक तबकड्या २० ते ३० लाख वर्षांत नाहीशा होतात आणि १ कोटी वर्षे वयाच्या ताऱ्याभोवती तबकडी क्वचितच सापडते. ‘बाष्पीभवन’ हा शब्द थोडा फसवा आहे, कारण येथे द्रवाची वाफ होत नाही. मुळात वायूच असलेला पदार्थ तापतो आणि ताऱ्याच्या ओढीतून सुटतो.

तरीही सोलापूरच्या वाचकाला तलावाचीच उपमा लवकर पटेल. तुळजापूर रस्त्यावरचा एकरुख तलाव, म्हणजे सोलापूरकरांचा हिप्परगा, १८७१ साली बांधून झाला. पावसाळ्यात नदीचे पाणी येत असते तेव्हाही ऊन पाणी उडवतच असते, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. आवक थांबली, चैत्र-वैशाखाचा तडाखा सुरू झाला, की काठचा गाळ भेगाळतो, बुडालेले दगड वर येतात, आणि ‘तलाव एकदम आटला’ असे लोक म्हणतात. तबकडीचेही असेच होते. प्रारण पहिल्या दिवसापासून वायू उडवत असते. बदलते ती आवक.

वायू सुटतो कोठून, हे तापमान आणि गुरुत्वाकर्षण यांच्या झगड्यावर ठरते. हायड्रोजनचे आयनीकरण करू शकणारे तीव्र अतिनील किरण (तरंगलांबी ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी) तबकडीचा पृष्ठभाग सुमारे १०,००० केल्व्हिनपर्यंत तापवतात. एवढ्या तापलेल्या वायूत ध्वनिवेग, म्हणजे ढोबळमानाने कणांच्या धावण्याचा वेग, सेकंदाला सुमारे १० किमी होतो. सूर्याएवढ्या ताऱ्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर निसटण्यासाठी सेकंदाला ४२ किमी वेग लागतो, म्हणून तेथला बहुतेक वायू तापूनही अडकून राहतो. शनीच्या कक्षेच्या किंचित आत, सुमारे ९ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), कक्षीय वेगही सेकंदाला १० किमी भरतो. या अंतराला गुरुत्वीय त्रिज्या म्हणतात. प्रत्यक्षात दाबाच्या रेट्यामुळे वारा त्याच्या पुष्कळ आत, १-२ खगोलीय एककांपासूनच वाहू लागतो.

या तीव्र अतिनील किरणांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १००० कोटीव्या भागाएवढा वायू उडतो, म्हणजे चंद्राएवढे वस्तुमान जायला साडेतीनशेहून अधिक वर्षे. क्ष-किरण खोलवर शिरतात. काही प्रतिमानांनुसार त्यांचा वारा शंभरपट जोरकस असतो, आणि मग चंद्राएवढा वायू चार वर्षांच्या आत संपतो. दूर-अतिनील किरण (हायड्रोजनचे आयनीकरण करू न शकणारे, कमी ऊर्जेचे) मुख्यतः बाहेरच्या भागात काम करतात. या तिघांत कोणाचा वाटा किती, यावर एकमत नाही. चुंबकीय क्षेत्राने ढकललेले वारेही तबकडी रिकामी करतात, तेव्हा सगळे श्रेय प्रकाशाला देणे बरोबर नाही.

तारा तरुण असताना तबकडीतून त्याच्यावर कोसळणारा वायू उडणाऱ्या वायूपेक्षा कितीतरी जास्त असतो. लाखो वर्षांत हा ओघ मंदावतो. तो वाऱ्याच्या दराइतका उतरला की बाहेरून येणारा वायू वाटेतच उडतो, आत पोहोचत नाही. मग १-२ खगोलीय एककांवर फट पडते. आतला भाग सुमारे एक लाख वर्षांत ताऱ्यात रिता होतो आणि उघड्या पडलेल्या आतल्या कडेवर प्रकाश थेट पडून तबकडी आतून बाहेर झपाट्याने विरळते. येथे हिप्परग्याची उपमा संपते, कारण तलाव काठाकडून आटतो. लाखो वर्षांचे संथ जगणे आणि शेवटची घाई यांचा मेळ घालणारे हे स्पष्टीकरण २००१ मध्ये क्लार्क, जेंड्रिन आणि सोटोमायर यांनी मांडले. त्याचा पाया हॉलनबाख व सहकाऱ्यांच्या १९९४ च्या गणितात आहे. बारीक धूळ वाऱ्याबरोबर जाते. खडे, गोटे आणि तयार झालेले ग्रह मागे राहतात.

वारा खरोखर वाहतो याचा पुरावा वासुकी तारकासमूहातील टीडब्ल्यू हायड्रे या ताऱ्याने दिला. सुमारे २०० प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याची तबकडी आपल्याला जवळजवळ समोरून दिसते. आयनीकृत निऑनची १२.८ मायक्रॉनची वर्णरेषा निळ्या बाजूस किंचित सरकलेली असल्याचे २००९ मध्ये आढळले, म्हणजे वायू सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे.

कधी कधी घाला शेजाऱ्याचा असतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, होम मैदानावरचे दारूकाम संपून धूर विरला की रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे उंचावर मृग दिसतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखालच्या अंधुक ओळीत जो धुरकट ठिपका आहे, तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा मृगातील तेजोमेघ. दुर्बिणीतून त्याच्या मध्यावर चार ताऱ्यांचा चौकोन सुटा दिसतो. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा आसपासच्या लहान ताऱ्यांच्या तबकड्या बाहेरून भाजून काढतो. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात टिपलेल्या या तबकड्यांना अश्रूच्या थेंबासारखा आकार आहे: डोके त्या ताऱ्याकडे, शेपूट उलट दिशेला. त्यांना प्रॉप्लिड म्हणतात. त्याच परिसरातील डी२०३-५०६ या तबकडीत जेम्स वेब दुर्बिणीला मिथिल धनायन (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा धनभारित रेणू) सापडला. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यावरही शेजारच्या ताऱ्यांचे अतिनील किरण पडत आहेत.

आपल्या सूर्याची तबकडी केव्हा गेली, याचा अंदाज उल्कापाषाणांवरून येतो. तबकडीतील वायू चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो आणि थिजणाऱ्या खडकात त्याची खूण उरते. अँग्राइट जातीच्या प्राचीन ज्वालामुखी पाषाणांत ही खूण जवळजवळ नाही. त्यावरून पहिले घन कण बनल्यानंतर ४० लाख वर्षांच्या आत सूर्याभोवतीचा वायू गेला होता, असा निष्कर्ष २०१७ मध्ये निघाला. गुरू आणि शनी यांना आपला हायड्रोजन त्याआधीच गोळा करावा लागला असणार.