अंगणवाडीताईला मागायला कोणी शिकवलं?

अंगणवाडी सेविकांचा संप म्हटलं की बातमीत दोन आकडे ठरलेले: मानधन किती आणि संपाचा दिवस कितवा. 4 डिसेंबर 2023 ला महाराष्ट्रात सुरू झालेला संप 25 जानेवारी 2024 ला मिटला, तेव्हाही पन्नासहून अधिक दिवस तेच चाललं होतं. या बायका स्वतःला नेमकं कोण समजतात, शिक्षिका की योजनेच्या स्वयंसेविका, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. भांडणाचं मूळ तिथेच आहे आणि ते बरंच जुनं आहे.

1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केलं. वकिली सोडून लहान मुलांत रमलेला हा माणूस गुजरातीत ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणून ओळखला गेला. 1923 मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य असलेली ही बाई अडीच-तीन वर्षांच्या पोरांत येऊन बसली, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असणार. 1926 मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. लहान मुलांना शिकवणं हे कुणा मावशीने सवडीने करायचं काम नव्हे, त्यासाठी शिकावं लागतं, हे संघाचं पहिलं म्हणणं. ते लोकांच्या गळी उतरवायला ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, आधी गुजरातीत, मग मराठीत. 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. तिथे बालमंदिरही होतं आणि शिक्षिका घडवण्याची सोयही.

ज्यांच्या बालशिक्षण पद्धतीचा आधार या बालमंदिरांना होता, त्या इटलीच्या मारिया माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या त्या 1939 मध्ये, मद्रासच्या अड्यारला. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि त्यांच्या हाताखाली हजाराहून जास्त शिक्षक तयार झाले. पण त्यांची शिकवण्याची साधनं महाग, आणि ती परवडायची शहरातल्या पोटभर जेवणाऱ्या घरांना. ताराबाईंना हे खुपत होतं. 1945 मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ तिथे त्यांच्या मदतीला आल्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं होतं.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं काही येईनात. मग बालवाडीच वस्तीत गेली. शिक्षिका सकाळी तिथे पोचायच्या, अंगण झाडायच्या, मुलांची नखं कापायच्या, त्यांना आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या. मगच गाणी आणि गोष्टी. मोजायला चिंचोके आणि शिंपले, आकार करायला माती, रंग ओळखायला पानंफुलं. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. हाच शब्द पुढे सगळ्या देशाने उचलला. सरकारी कागदांतला इतका घरगुती शब्द दुसरा मला तरी आठवत नाही. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी आणि गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा, हे प्रयोग तिथले.

ताराबाईंचं आणखी एक काम सहसा सांगितलं जात नाही. 1946 ते 1951 या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. म्हणजे अंगणात काम करणारी, शिक्षिका घडवणारी, मासिकातून लोकमत तयार करणारी आणि कायदे होतात तिथे बसणारी व्यक्ती एकच होती. आज यालाच कुणी नेतृत्व प्रशिक्षण म्हणतं, कुणी धोरण पाठपुरावा, आणि त्यांची दुकानं वेगळी झाली आहेत.

ती वेगळी कशी झाली, ते पुढच्या तीस वर्षांत दिसतं. मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने 1972 मध्ये शाळेआधीच्या मुलांसंबंधी अहवाल दिला आणि 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आयांना पोषण व आरोग्याचं शिक्षण, आणि शेवटी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. सहा कामं, ती करणारी एक बाई म्हणजे अंगणवाडी सेविका, आणि सुरुवातीला महिन्याला शंभर-दीडशे रुपये. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. मोठा चलाख शब्द आहे हा. मान देतो आणि हक्क काढून घेतो.

शिक्षण यादीत खाली गेलं ते गेलंच. सेविकेचं कामाचं प्रशिक्षण 26 दिवसांवर आलं आणि हाताखाली अकरा नोंदवह्या आल्या. तिच्यावर पर्यवेक्षिका, तिच्याकडे वीस-पंचवीस केंद्रांचं बीट. एखाद्या सेविकेला नवं काही सुचलं, तर ते वर पोचवायची वाट पर्यवेक्षिकेतूनच जाते. पण बीटच्या बैठकीत वेळ जातो तो वजनं, आहाराचा साठा आणि अहवाल यांत. बालशिक्षणात नेतृत्वाची खरी जागा ही आहे असं मला वाटतं. तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेलं.

कायद्यानेही या वयाला कायम दाराबाहेर ठेवलं. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाखालच्या मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’, एवढंच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं अकरावं कलमही तशाच सुरात बोलतं. महाराष्ट्रात ग्राममंगलसारख्या संस्था आणि रमेश पानसे यांच्यासारखी माणसं तीन ते सहा हे वयही हक्कात घ्या, असं सांगत राहिली. अनुताई आणि पानसे यांनीच 1982 मध्ये ग्राममंगल सुरू केली होती, त्यामुळे कोसबाडचा धागा तुटला नाही. पण तो संस्थांपुरता राहिला. लाखभर अंगणवाड्यांपर्यंत तो सलग कधी पोचला नाही.

तिथे पोचली ती सेविकांची संघटना. सेविका मागायला शिकली ती मोर्चात. निवेदन लिहिणं, तालुक्याच्या बायका गोळा करणं, आझाद मैदानात माईक हातात घेणं, मंत्र्यांसमोर आकडे मांडणं, यातलं काहीच त्या 26 दिवसांत नव्हतं. 2021 मध्ये तिने सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण ते धड चालत नव्हते आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. ‘मराठीत द्या’ ही मागणी धोरणाची नाही असं कोण म्हणेल?

न्यायालयांची गंमत पाहा. डिसेंबर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात देशभर 14 लाख अंगणवाड्या उघडायला सांगितल्या आणि त्याच महिन्यात दुसऱ्या प्रकरणात सेविका शासकीय पदावर नाहीत असा निकाल दिला. 25 एप्रिल 2022 ला न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या पीठाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र ठरवल्या. त्यातलं एक कारण महत्त्वाचं: अंगणवाडीत पूर्वप्राथमिक वर्ग चालतो, म्हणजे ते शैक्षणिक काम आहे. सहाव्या नंबरवर ढकललेलं शिक्षणच हक्काच्या कामी आलं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वयाचा पायाभूत स्तर केला. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग शालेय शिक्षण विभागाच्या केंद्राने घ्यायचा. सेविका महिला व बालविकास विभागाची, तिला मार्गदर्शन शाळांच्या केंद्राकडून. मग तिची पर्यवेक्षिका या चित्रात कुठे बसते, ते धोरण सांगत नाही. बाकीचा अभ्यास डीटीएच वाहिन्यांवर आणि स्मार्टफोनवर करता येईल असं त्यात लिहिलं आहे. एक वर्ष गेलं आणि सेविका ते फोन पिशवीत घालून परत द्यायला कचेरीत गेल्या.