शुक्राणू निवड तंत्रे

पुरुष वंध्यत्वावरील उपचारांत वीर्यातून चांगली हालचाल असलेले शुक्राणू वेगळे काढण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धती. आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे), आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) आणि इक्सी (एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडणे) या तिन्हींआधी त्यांची गरज पडते. दवाखान्यात या कामाला सरसकट ‘सीमेन वॉश’ म्हणतात.

स्विम-अप : वीर्य पातळ झाल्यावर त्याच्या १ मिलि भागावर १.२ मिलि माध्यम (शुक्राणूंना पोषक द्रव) अलगद सोडतात. नळी ४५ अंशांत कलती करून ३७° से. तापमानात तासभर ठेवतात व वरचा १ मिलि द्रव काढून घेतात. माध्यम सोडताना हात हलला, तर थर मिसळून मृत शुक्राणूही वर येतात. जुन्या प्रघातात वीर्य आधी अपकेंद्रित करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, तळाच्या गोळ्यावर माध्यम घालीत. गोळ्यात दाबलेले सदोष शुक्राणू व पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू सोडतात आणि त्यांमुळे चांगल्या शुक्राणूंच्याही आवरणाला इजा होते, असे एटकेन व क्लार्कसन या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखविले. काही ठिकाणी गोळ्याची रीत टिकून असली, तरी थेट वीर्यावर माध्यम सोडणेच अधिक सुरक्षित दिसते.

घनता-उतार पद्धत : तळाशी ८० टक्के, त्यावर ४० टक्के सिलिका द्रावण आणि सर्वांत वर वीर्य घालून ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) बलाने १५–२० मिनिटे फिरवितात. चांगले शुक्राणू तळाशी गोळा होतात; तो गोळा नव्या माध्यमात धुऊन घेतात. शुक्राणू कमी असतील तेथे हीच पद्धत सोयीची, कारण हाती जास्त शुक्राणू लागतात. या कामी पूर्वी वापरले जाणारे परकोल हे सिलिका द्रावण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागे पडले.

नवी तंत्रे : पिक्सीत हायलुरोननला (अंड्याभोवतीच्या आवरणातील द्रव्य) चिकटणारा शुक्राणू निवडतात, इम्सीत सहा हजारपट किंवा अधिक विवर्धनाखाली रचना पाहतात, तर मॅक्समध्ये ऱ्हास सुरू झालेले शुक्राणू चुंबकीय कणांनी अडवितात. पिक्सीच्या २०१९ मधील मोठ्या ब्रिटिश चाचणीत पूर्ण दिवसांच्या जिवंत प्रसूतींचे प्रमाण २७.४ टक्के, तर नेहमीच्या इक्सीत २५.२ टक्के होते. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता. गर्भपात मात्र पिक्सी गटात कमी आढळले. तरीही प्रत्येक जोडप्याला सरसकट जादा खर्चात पाडणे योग्य नाही.

खानदेशातील व्यवहार : जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५° से. पर्यंत चढतो. रावेर किंवा चोपड्याकडून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणलेल्या डबीतील शुक्राणू वाटेतच मंदावतात आणि अहवालात नसलेला दोष उमटतो. नमुना २०–३७° से. तापमानात तासाभरात पोहोचावा. दवाखान्यातच दिलेला उत्तम. नमुना घेण्यासाठी साधा निरोध वापरू नये, त्यातील द्रव्ये शुक्राणूंना मारक असतात. पहिला थेंब सांडला असल्यास तसे सांगावे, शुक्राणू त्यातच सर्वाधिक असतात. मोठा ताप येऊन गेला असेल, तर अडीच-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. सुनेच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालतात आणि हा साधा नमुना शेवटी मागितला जातो. तो पहिल्याच भेटीत घ्यावा.

मुलगा व्हावा म्हणून एक्स-वाय (मुलीचे व मुलाचे) शुक्राणू वेगळे करणे पीसीपीएनडीटी या लिंगनिवडबंदी कायद्याने गुन्हा आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही या तंत्रांनी टळत नाही. त्यासाठी उपचारापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी करावी लागते.