२५१५, ५०५४ आणि सरकारी खर्चाचा न जुळणारा डेटा: थोडी पार्श्वभूमी

ग्रामीण महाराष्ट्रात रस्त्या-गटाराच्या कामाबद्दल कुणाला विचारलं की उत्तर येतं, 'हे २५१५ चं काम आहे' किंवा 'हा रस्ता ५०५४ मधून झालाय'. ठेकेदार, ग्रामसेवक, आमदारांचे पीए, सगळे हीच भाषा बोलतात. हे आकडे म्हणजे लेखाशीर्ष, सरकारी हिशेबात खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेला कोड. २५१५ म्हणजे इतर ग्रामविकास कार्यक्रम, ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च. सरकारी खर्चासाठी ओपन डेटा स्टँडर्ड हवं, म्हणजे सगळ्या कार्यालयांनी खर्चाची माहिती एकाच ठरलेल्या पद्धतीने, कुणालाही वापरता येईल अशी द्यावी, अशी चर्चा निघाली की लोकांना वाटतं हे काहीतरी नवीन बाहेरून आलंय, पण खर्चाला ठरलेला कोड द्यायचा ही पद्धत आपल्याकडे इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे.

१ एप्रिल १९७४ पासून केंद्र आणि राज्यांच्या हिशेबांची नवी मांडणी लागू झाली, १९८७ पासून मुख्य शीर्षाला चार आकडी कोड आले. पहिल्या आकड्यावरूनच बरंच कळतं, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च (पगार, देखभाल असा नेहमीचा), ४ किंवा ५ असेल तर भांडवली (रस्ते, इमारती असा), ६-७ म्हणजे कर्ज. २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण, २२१० म्हणजे आरोग्य, आणि हे सगळ्या राज्यांत सारखंच, कारण घटनेच्या कलम १५० नुसार हिशेब कोणत्या स्वरूपात ठेवायचे ते राष्ट्रपती कॅगच्या (देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) सल्ल्याने ठरवतात. एकूण सहा स्तर, १५ अंक. हे खरंच भक्कम काम आहे, आणि ज्यांनी केलं त्यांचं नाव कुणी घेत नाही.

पण ही एकसारखी रचना वरच्या तीन स्तरांपुरतीच आहे. त्याखाली, म्हणजे जिथे प्रत्यक्ष योजनेचं नाव सुरू होतं, तिथे प्रत्येक राज्य आपापले कोड देतं. त्यामुळे केंद्राची एकच योजना एका राज्यात एका कोडखाली, दुसऱ्यात भलत्याच, काही ठिकाणी दोन-तीन शीर्षांत विभागलेली. सी. आर. सुंदरमूर्ती समितीने २०१२ मध्ये ही सगळी रचना बदलायची शिफारस केली होती, मूळ रचना मात्र अजून तीच चालू आहे.

दुसरा धागा लोकांच्या बाजूने आला, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनाने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली. तिथे पंचायतीची बिलं आणि मस्टर (मजुरांची हजेरीपत्रकं) मोठ्याने वाचून दाखवले गेले, आणि गावकऱ्यांनी तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली की हा माणूस कामावर नव्हताच, ती इमारत पूर्ण झालेलीच नाही. ही कागदपत्रं लोकांना मिळावीत म्हणून एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा या आंदोलनाची. महाराष्ट्रात २००० चा माहिती अधिकाराचा कायदा कमजोर होता, मग २००२ चा आला, आणि ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारेंच्या उपोषणाच्या वेळी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला.

आपण सगळे आरटीआय म्हटलं की अर्ज, १० रुपयांचं तिकीट, पहिलं अपील एवढंच धरून चालतो. पण त्याच कायद्यातलं कलम ४ वाचा एकदा. प्रत्येक कार्यालयाने कुणी न मागता आपलं बजेट, प्रस्तावित खर्च आणि दिलेल्या पैशांचा तपशील जाहीर करायचाय, नोंदींची सूची करून त्या कम्प्युटरवर आणायच्यात. फक्त फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि कोणते कोड लावून द्यायची ते कायद्यात नाही, आणि तिथेच गाडी अडली, कारण मग तिरका स्कॅन केलेला पीडीएफ टाकला तरी नियम पाळला असं म्हणता येतं.

त्यानंतर एकामागून एक सिस्टिम आल्या. नरेगाचे मस्टर वेबसाइटवर दिसायला लागले, ही फार मोठी गोष्ट होती, ज्या मस्टरसाठी राजस्थानात लोक धरणं धरून बसले होते ते घरबसल्या बघता यायला लागलं. केंद्राने २००८-०९ मध्ये पैशाचा माग ठेवण्यासाठी एक यंत्रणा सुरू केली, तीच पुढे पीएफएमएस झाली. गरज अशी होती की केंद्राचा बराच पैसा राज्याच्या तिजोरीत न येता थेट योजना राबवणाऱ्या सोसायट्यांच्या (नोंदणीकृत संस्थांच्या) बँक खात्यात जायचा, आणि खर्च झाला की नाही हे उपयोगिता प्रमाणपत्र येईपर्यंत कळायचं नाही. २०१४-१५ पासून हा पैसा राज्याच्या तिजोरीतून जायला लागला. महाराष्ट्रात निधी वितरणासाठी बीम्स आलं, टेंडरसाठी महाटेंडर्स, ग्रामपंचायतींच्या नियोजन-हिशेबासाठी २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज. मधे २०१२ मध्ये केंद्राचं डेटा शेअरिंगचं धोरण आणि ओपन डेटा पोर्टलही आलं, पण तिथे बहुतेक करून वर्षाच्या बेरजा मिळतात, एकेका व्यवहाराची नोंद नाही.

बाहेर हाच प्रश्न कसा सुटला ते थोडक्यात. अमेरिकेत २००६ मध्ये कोबर्न आणि ओबामा या दोन वेगळ्या पक्षांच्या सिनेटरांनी मिळून सरकारी खर्च ऑनलाइन जाहीर करायचा कायदा आणला, पुढच्या वर्षी वेबसाइट सुरू झाली, पण त्यातली कंत्राटं आणि अनुदानं खात्यांच्या हिशेबाशी जोडलेली नव्हती, म्हणून २०१४ मध्ये दुसरा कायदा करून सगळ्या खात्यांना एकाच व्याख्या वापरायला लावल्या आणि तो डेटा मे २०१७ मध्ये यायला लागला. युक्रेनमध्ये २०१४ च्या सरकारविरोधी मैदान आंदोलनानंतर स्वयंसेवकांनी प्रोझोरो हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल उभं केलं, ऑगस्ट २०१६ पासून ते सक्तीचं झालं. त्यामागचं ओपन काँट्रॅक्टिंग स्टँडर्ड म्हणजे अगदी साधी कल्पना, खरेदीला एक नंबर मिळतो आणि नियोजन, टेंडर, करार, काम आणि पैसे देणं या सगळ्या टप्प्यांवर तोच राहतो. आपल्याकडे आसामच्या टेंडर डेटावर या पद्धतीने काम झालंय.

आता आपल्या गावातला एक रस्ता घ्या. बजेटच्या पुस्तकात त्याचं लेखाशीर्ष, जीआरवर (शासन निर्णयावर) वेगळा संगणक सांकेतांक, महाटेंडर्सवर वेगळा टेंडर आयडी, शाखा अभियंत्याकडे एमबी (कामाच्या मोजमापाची वही), कोषागारात व्हाउचर नंबर. हे सगळं कुठे ना कुठे आहे, पण यातला एक नंबर हातात असला तरी त्यावरून दुसरा सापडत नाही, त्यामुळे मंजूर किती झाले आणि ठेकेदाराला मिळाले किती हे जुळवायला परत अर्जच करावा लागतो. कामांची यादी जीआरच्या परिशिष्टात असते, कधी स्कॅन केलेली, कधी जुन्या फॉन्टमधली, म्हणजे कॉपी केली तर नुसती अक्षरांची खिचडी. गावाचं नाव एकीकडे 'वडगाव बु.', दुसरीकडे 'वडगांव बुद्रुक', आणि वडगाव तर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. माणसाला कळतं, कम्प्युटरला ही दोन वेगळी गावं वाटतात.

याचा उपाय नवीन पोर्टल नाहीये हो. प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला, म्हणजे एलजीडी कोड आधीच दिलेला आहे, ई-ग्रामस्वराज त्यावरच चालतं, लेखाशीर्ष तर १९८७ पासून तयार आहे. जीआरच्या परिशिष्टात एलजीडी कोडचा एक रकाना वाढवायचा, परिशिष्ट एक्सेलमध्येही द्यायचं, आणि टेंडर भरताना लेखाशीर्ष व जीआरचा सांकेतांक टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ द्यायचा नाही. याला विधानसभेत विधेयक लागत नाही, वित्त विभागाचं एक परिपत्रक पुरेल, आणि २५१५ च्या कामांपासून सुरुवात करता येईल कारण त्या याद्या मुळातच गावनिहाय असतात.